‘र’च्या पानावरचा माणूस

आमच्या बालवाडीतल्या पोरांना सगळ्यात आधी ‘र’ ओळखता यायचा. ‘अ’ नाही, ‘ग’ नाही, ‘र’. यात माझं कौतुक काही नाही. आमच्या मदतनीस बाईच्या मनगटावर तो गोंदलेला होता आणि पोरं रोज त्याच हातातून खिचडीची ताटली घेत. ताटली हातात पडायच्या आधी हिरवा ‘र’ डोळ्यांपुढून जायचा. फक्त त्या अक्षराला काय म्हणायचं ते एकालाही सांगता येत नव्हतं, कारण सांगणारी स्वतःच ते म्हणत नव्हती.

बालवाडी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर होती. गुजरातच्या हद्दीवरच्या अच्छाड चेकपोस्टपर्यंत पायी जाता येईल एवढी जवळ. वर्गात बसलं तरी हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न ऐकू येत. मी बोर्डीची. घरची चिकूची वाडी, मुलं शाळेत मोठ्या वर्गात गेलेली, आणि दुपारभर शेजारणींची गाऱ्हाणी ऐकत बसायचा मला मनस्वी कंटाळा. कोसबाडला बालवाडीचं शिक्षण घेतलं होतं, ते तसंच गंजत पडलं होतं. २०१४ साली एका लहानशा संस्थेने पाड्यांवर बालवाड्या सुरू केल्या तेव्हा मी घरी विचारलं नाही, सांगितलं. सकाळची एसटी पकडून तलासरी, तिथून शेअर रिक्षा, आणि शेवटी शेताच्या बांधावरून चालत.

मदतनीस पाड्यातलीच होती. वय पंचविशीच्या आतबाहेर, अंगाने काटकुळी, पण आवाज असा की पलीकडच्या झाडावरचे कावळे उडावेत. सातवीपर्यंत शिकलेली. झाडलोट करायची, पाणी भरायची, खिचडी शिजवायची हे तिचं काम. पण पोरांना गोष्ट सांगायला बसली की मी हातातलं काम टाकून ऐकायची. मी पुस्तकी मराठीत ‘ससा गवत खातो’ म्हणाले तर पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहायची. ती त्यांच्या बोलीत तोच ससा असा काही उभा करायची, की एखादं पोर उठून त्याला हाकलायला जायचं. तिची स्वतःची मुलगीही वर्गात होती. आईसारखीच काटकुळी, नाकात सदा शेंबूड, आणि हट्टी.

नवरा ट्रकवर होता. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर.

आमच्याकडे अक्षरं पायाने शिकवायची रीत होती. अंगणात चुलीतल्या राखेने मोठं अक्षर काढायचं, लिहायला जिथून सुरुवात होते तिथे दगड ठेवायचा, आणि दगडापासून रेघेवरून चालत जायचं. ज्या पोराला पेन्सिल धरता येत नाही तेही पायाने ‘ग’ लिहितं. माझ्या सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी जेवण सोडलं नाही इतकंच. ‘अक्षरावर पाय? सरस्वती आहे ती!’ मी म्हटलं, सरस्वतीला पाड्यावर यायचं तर अंगणातूनच यावं लागेल. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, तेही बरंच झालं.

मदतनीस पुढे आणि पोरं एकमेकांचे सदरे धरून मागे, अशी ती वरात राखेवरून निघायची. ‘ग’ झाला, ‘म’ झाला, ‘न’ झाला. ‘र’ आला की हिचं काहीतरी निघायचं. कधी पोटात दुखायचं, कधी चुलीवरचं उतू जायचं. मला राग पटकन येतो. एकदा चूल विझलेली असताना ती चुलीकडे निघाली तेव्हा मी तिला अंगणात सगळ्यांसमोर अडवलं आणि विचारलं, “तुझं आणि या ‘र’चं भांडण काय आहे?”

तिने बांगड्या मागे सारून मनगट माझ्यापुढे धरलं.

“यावर पाय नाय ठेवायची मी, बाय. आमचे हायत.”

लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं डहाणूला महालक्ष्मीच्या जत्रेत गेली होती. तिथे गोंदणाच्या मशीनवाल्याकडे त्याने हट्टाने दोघांचे हात पुढे केले. त्याच्या मनगटावर तिचं अक्षर, तिच्या मनगटावर त्याचं. तेव्हापासून तिला ‘र’ म्हणजे तो. त्याच्यावर पाय कसा द्यायचा? आणि पाय सोडा, तोंडाने तरी कसं म्हणायचं? नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. तो तर रात्रंदिवस रस्त्यावर, घाटात, अनोळखी गाड्यांच्या मधून जाणारा. बाकीच्या बायकांनी एखादवेळी चुकून घेतलं तर चालून जाईल, तिने घेऊन कसं चालेल?

मी हसले नाही. हसायचं कुठल्या तोंडाने? माझ्या आईने बाबांना जन्मभर ‘ऐकलंत का’ म्हणून हाक मारली. पोस्टमनने नाव विचारलं की ती मला पुढे ढकलायची. मी स्वतः लग्नात उखाण्यात नाव घेतलं ते घेतलं. आता बँकेतल्या काउंटरवर नाइलाजाने घेते, आणि अजून तरी ह्यांना साधं पडसंही झालेलं नाही. पण घरात मी अजून ‘अहो’च म्हणते. तेव्हा पाड्यावरच्या बाईला शहाणपण शिकवण्याचा मला काही अधिकार नव्हता. ‘र’ची वरात त्या दिवसापासून मी काढायला लागले आणि ती बाजूला उभी राहून टाळ्या वाजवायची.

पुस्तकाचं आमच्या डोक्यात आलं ते पुढच्या वर्षी. संस्थेने पाठवलेल्या तक्त्यावर ऐरण होती, यज्ञ होता, शहामृग होतं. पोरं सभ्यपणे बघायची आणि विसरायची. एक दिवस मी पाड्यातल्या दुकानवाल्या काकीचा मोबाइलवर सहज फोटो काढला आणि वर्गात दाखवला. सगळी पोरं माझ्या अंगावर चढली. काकी मोबाइलमध्ये शिरली कशी, तिथे गोळ्यांची बरणी आहे का, सगळी चौकशी झाली. तेव्हा ठरलं, आपलं अक्षरांचं पुस्तक आपल्या माणसांचं करायचं. प्रत्येक पोराने एक माणूस द्यायचा. माणसाला हाताला धरून आणायचं, मी फोटो काढणार, आणि त्याच्या नावाचं पहिलं अक्षर त्या पानावर.

महिनाभर पाड्यात दुसरा विषय नव्हता. ज्याला पोराने निवडलं नाही तो रुसला. शेळ्या राखणारे एक आजोबा शेळीशिवाय फोटो काढायला तयार नव्हते आणि शेळी उभी राहायला तयार नव्हती. पाड्याच्या भगताला त्याच्या नातवाने आणलं. त्याने आधी आंघोळ केली, मग टोपी घातली, मग मला विचारलं की फोटोत देव येतील का. मी म्हटलं, ते तुमच्या हातात. तो समाधानाने बसला. तलासरी नाक्यावरच्या स्टुडिओत फोटो छापून घेतले, झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन केलं आणि नायलॉनच्या दोरीने पानं बांधली. नावं मी इथे लिहीत नाही. ती त्या माणसांची आहेत.

मदतनीसच्या मुलीने दिला आपला बाप. दुसरं कोणी चालणार नाही म्हणून जमिनीवर लोळली.

बाप मिळायचा कसा, तर रांगेत. तेव्हा चेकपोस्टवर कराचे कागद तपासायला ट्रकची ही लांब रांग लागायची. सकाळी लागलेली गाडी कधी संध्याकाळपर्यंत तिथेच. ड्रायव्हर लोक वैतागायचे, शिव्या द्यायचे, टायरच्या सावलीत झोपायचे. पण आमच्या मदतनीसला त्या रांगेसारखं सुख नव्हतं. त्याची गाडी रांगेत लागली की फोन यायचा, आणि ही खिचडीचं पातेलं माझ्यावर सोपवून भाकरी आणि सुकटीचं कालवण घेऊन धावायची. तिचा सगळा संसारच त्या रांगेत चालला होता. सरकारने गाड्या अडवाव्यात अशी मनापासून इच्छा करणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

अशाच एका दुपारी आम्ही तिघी गेलो. तो केबिनच्या पायरीवर बसून जेवला, मुलीला मांडीवर घेऊन तिला भाकरीचा मऊ भाग भरवला. देखणा होता. केसांवरून पाण्याचा हात फिरवून फोटोला बसला आणि मला विचारलं, “कोनता अक्षर माझा?”

मी सांगितलं. त्याने बायकोकडे बघितलं आणि जोरात हसला. “मंग ही वाचल कशी?”

तीही पदर तोंडाला लावून हसली. तो फोटो चांगला आला. एका बाजूला मुलीचं कोपर दिसतं.

वाचताना त्याचं म्हणणं खरं ठरलं. पुस्तक मांडीवर घेऊन ती एकेक पान उलटायची. अक्षर म्हणायची, माणसाचं नाव म्हणायची, पोरं मागून ओरडायची. ‘र’च्या पानावर आली की बोट फोटोवर ठेवायची आणि खाली बघून म्हणायची, “हे आमचे.” पोरं मनोभावे ओरडायची, “आमचे!” झालं. वर्गाला एक नवीन अक्षर मिळालं. शब्दांच्या कार्डांवर ‘घर’ आलं तेव्हा एका मुलीने ‘घ’ म्हटलं, मग मदतनीसचं मनगट ओढून घेऊन ताडून पाहिलं आणि खात्रीने म्हणाली, “घ, आमचे.” मी हसून हसून बेजार झाले. पान वाचायची वेळ आली की मग तिची मुलगी पुढे सरकायची आणि बापाचं नाव खणखणीत सांगायची. मुलांना तशी बंदी नसते. तेवढ्यावर निभावलं.

मग जीएसटी आला. मला त्यातलं फार कळत नाही. ह्यांनी चिकूच्या व्यापाऱ्याबरोबर त्यावर पुष्कळ चर्चा केली. अच्छाडला मला एवढंच दिसलं की रांग आटली. गाड्या येत, जरा मंदावत आणि निघून जात. ढाबेवाले माश्या मारत बसू लागले. सगळ्यांनी म्हटलं, बरं झालं, खोळंबा गेला. आमची मदतनीस मात्र भाकरी करून ठेवायची आणि संध्याकाळी तीच मायलेकी खायच्या. आधी तो पाच मिनिटं तरी थांबायचा. मग नुसता फोन करायचा, की आता पुढे गेलो. मग फोनही लागेना. पैसे यायचे ते थांबले.

होळीला पाड्यातला माणूस कुठेही असला तरी घरी येतो. वीटभट्टीवरून येतो, बोटीवरून येतो, वापीच्या कंपनीतून सुट्टी मिळाली नाही तर काम सोडून येतो. त्या होळीला तो आला नाही. ढोल वाजत होता आणि ती मुलीला कडेवर घेऊन पाड्याच्या तोंडाशी, रस्त्याकडे बघत उभी होती. मुलगी आता कडेवर घ्यायच्या वयाची राहिली नव्हती.

नेमकं त्याच उन्हाळ्यात संस्थेने ठरवलं की बालवाड्या आता पाड्यांतल्याच बायकांनी चालवायच्या. ठरवलं ते योग्यच होतं. मी काही जन्मभर एसटीने येणार नव्हते. वाईट वाटलं, ते मी घरी आदळआपट करून काढलं. इथे कोणाला नेमायचं यासाठी दोन नावं होती. एक आमची मदतनीस. दुसरी तलासरी नाक्याजवळ राहणारी, बारावी झालेली मुलगी. ती आली असती तर स्वतःच्या बहिणीला मदतनीस म्हणून आणणार होती, म्हणजे आमच्या बाईचं असलेलं कामही गेलं असतं. मग तिला भल्या पहाटे टेम्पोत उभं राहून भाजीच्या मळ्यावर नाहीतर वीटभट्टीवर जावं लागलं असतं, मुलीला बरोबर घेऊन. त्या वर्षी मुलीला पहिलीत घालायची होती. भट्टीवर गेलेली मुलगी शाळेत बसत नाही, हे आम्हां दोघींनाही न सांगता ठाऊक होतं.

आमच्या पर्यवेक्षिका बाई पाहणीला आल्या. बाई कडक, पण मनाने वाईट नाहीत. त्यांनी पोरांना ‘र’ दाखवला, पोरं ‘आमचे’ म्हणाली. बाईंनी चष्मा काढला.

“हे गोड आहे,” त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “पण ही मुलं पहिलीत जाऊन असं म्हणाली तर तिथे कोणी गोड म्हणणार नाही. ती उत्तम शिकवते. पण ज्या बाईच्या तोंडून एक अक्षर निघत नाही तिला मी बालवाडी कशी देऊ? पुढच्या आठवड्यात मी आणि संस्थेतल्या आणखी एक बाई बघायला येऊ. तिने ते म्हटलं पाहिजे.”

वाद घालायला गेले खरी, पण आतून मला पटलं होतं.

मी मदतनीसला म्हटलं, आपण ते पान बदलू. रताळं लावू. रताळ्याचं नाव घ्यायला कोणाची हरकत नाही.

“काढू नका,” ती म्हणाली. “पोरीला बाप तेवढाच दिसतो.”

“मग नुसतं अक्षर म्हण. अक्षर म्हणजे काही तो नव्हे.”

तिने मनगट साडीच्या पदराखाली घेतलं. “ते कुठं हायत मना ठावं नाय, बाय. जिते हायत का ता पन ठावं नाय. अशा टायमाला मी नाव घेऊ? उद्या काय बातमी आली तं मी कुनाला तोंड दाखवू?”

तिच्याकडे त्याच्यासाठी करण्यासारखं दुसरं काहीच उरलं नव्हतं. भाकरी पोचत नव्हती, फोन लागत नव्हता. नाव न घेणं एवढं एकच काम तिच्या हातात होतं आणि ती ते मन लावून करत होती.

मीच सुचवलं, की ढाब्यांवर विचारू. ट्रकवाले एकमेकांना ओळखतात. तिच्याकडे त्याचा दुसरा फोटो नव्हता, म्हणून आम्ही पुस्तकच घेऊन गेलो. मुलीला शेजारणीकडे ठेवलं. भर दुपारी आम्ही दोघी अच्छाडच्या ढाब्यांवरून अक्षरांचं पुस्तक घेऊन फिरत होतो. पहिल्या ढाब्यावर कोणाला माहीत नव्हतं. दुसऱ्यावर एकजण पुस्तक विकायला आलोय समजून ‘नको नको’ म्हणाला. पुढच्या एका ढाब्यावर बाजेवर चहा पीत बसलेल्या एका वयस्क ड्रायव्हरने पुस्तक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

“नाव काय याचं?”

तिने माझ्याकडे बघितलं. मी ते नाव घेतलं. तिने नजर खाली घातली, जणू माझ्या बोलण्याचा वारा त्याला लागेल.

“हां, तोच,” ड्रायव्हर म्हणाला. “अंकलेश्वरला असतो आता. चांगला आहे. तिथल्याच एका शेठच्या गाडीवर आहे. मागच्या वर्षी घर केलं त्यानं तिकडं. बायको तिकडचीच आहे. लहान मुलगा आहे, बारशाला पेढे दिले होते मला.” मग त्याचं लक्ष तिच्याकडे गेलं आणि त्याने कप खाली ठेवला. “वहिनी, तुम्ही कोण त्याच्या?”

“पाड्यातली हाय,” ती म्हणाली.

पानावर चहाचे थेंब उडाले होते. ते तिने पदराने पुसले, कोपऱ्यातलेही पुसले, आणि पुस्तक बंद केलं.

मला त्या माणसाचा इतका राग आला की रस्त्यात मी त्याला सुचतील तेवढ्या शिव्या दिल्या. भाकरीचा मऊ भाग मुलीला भरवणारा तो हात माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हता आणि म्हणून जास्तच राग येत होता. मला वाटलं, आता ती रडेल, बसेल, आणि परवाची परीक्षा काही होत नाही. मीच रडत होते. पाडा दिसायला लागला तेव्हा ती थांबली आणि म्हणाली, “राख चाळून ठेवाया लागंल. खडे लागतात पोरांना.”

ठरलेल्या दिवशी पर्यवेक्षिका बाई आणि त्यांच्याबरोबरच्या दुसऱ्या बाई भिंतीला टेकून चटईवर बसल्या. मला बोलायची मनाई होती, म्हणून मी ओट्यावर जाऊन बसले. मदतनीसने पोरांना अंगणात आणलं. सुपातली चाळलेली राख मुठीत घेतली आणि वाकून अक्षर काढलं. मी आपली मनात हिशेब करत होते, की ती ‘ग’ काढेल, ‘म’ काढेल, वेळ मारून नेईल. तिने ‘र’ काढला. एवढा मोठा की त्याची शेपटी तुळशीपर्यंत गेली. सुरुवातीला दगड ठेवला. चपला तिने काढलेल्याच होत्या. पोरं तिच्यामागे सदरे धरून उभी राहिली आणि तिची मुलगी सगळ्यात पुढे, आईचा पदर धरून.

तिने राखेवर पाय ठेवला. सावकाश नाही, घाईने नाही. जशी ‘ग’वरून चालायची तशीच. वळणावरून वळली, खाली आली, शेपटीवरून तुळशीपर्यंत गेली. मागून सगळी वरात.

मग ती पुस्तक घेऊन बसली. पानं उलटत आली. बोट फोटोवर ठेवलं. सवयीने सगळी पोरं ओरडली, “आमचे!”

“नाय,” ती म्हणाली. “र.”

तिने बांगड्या मागे सारून मनगट पुढे केलं. “हा बगा. हा र हाय. म्हना.”

“र,” पोरं जपून म्हणाली.

मग तिने त्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव, स्वच्छ, त्या कावळे उडवणाऱ्या आवाजात. मी तिच्याबरोबर इतकी वर्षं काम केलं होतं आणि तिच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा ऐकत होते. पोरांनी मागून म्हटलं.

“परत,” ती म्हणाली.

पोरांनी परत म्हटलं.

“मोठ्यान.”

पोरांना ओरडायला सांगितलं की काय होतं ते सांगायला नको. सगळा वर्ग त्या माणसाच्या नावाने दणाणून गेला. सगळ्यात वरचा आवाज तिच्या मुलीचा होता. तिने दिलेला माणूस होता तो, आणि आज आई पहिल्यांदाच त्याचं नाव घेत होती. तिला आनंद मावत नव्हता. शेजारच्या घरातून दोन बायका बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. त्यातल्या एकीने तोंडावर हात घेतला. मदतनीसने तिकडे बघितलं नाही. पुन्हा एकदा म्हणवून घेतलं आणि मग शांतपणे पुढचं पान उलटलं.

पर्यवेक्षिका बाई निघताना खूश होत्या. “बघा, जमलं की! उगाच बाऊ करत होतात तुम्ही,” मला म्हणाल्या. बालवाडी तिला मिळाली. मी मान हलवली.

पोरं खिचडी खाऊन घरी गेल्यावर आम्ही दोघी ओट्यावर बसलो. तिची मुलगी अंगणात एकटीच राखेवर नाचत होती. अक्षर कधीच मोडून गेलं होतं. मी विचारलं, मुलीला सांगितलंस का? ती म्हणाली, बाप लांब कामाला आहे आणि आता येणार नाही एवढं सांगितलंय, बाकीचं मोठी झाली की सांगीन. मी विचारलं, मग आता तरी ते पान काढायचं का? ती नाही म्हणाली. पोरीने दिलेला माणूस आहे, पोरीला बघू दे.

मला राहवलं नाही. “अगं, म्हणायचं होतं तर एकदा हळूच म्हणून मोकळी झाली असतीस. एवढं ओरडून, सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असं कशाला म्हणवून घेतलंस?”

तिने मनगटावरची राख झटकली आणि बांगड्या खाली घेतल्या.

“इतकी वरसं त्यांचा आयुष मी राखला, बाय,” ती म्हणाली. “आता त्यांचा त्यांनी राखावा.”